वईवरची अग्निशिखा

श्रावण लागला कीं आमच्या पूर्णगडचें रूप पालटतें. मुचकुंदी नदीचें गढूळ पाणी खाडीच्या मुखाशीं समुद्राला मिळतें, तेथें तांबड्या व करड्या पाण्याची शीव स्पष्ट दिसूं लागते. टेकडीवरचा लहानसा किल्ला गवतांत बुडून जातो. आणि चिऱ्यांच्या गडग्यांवर, माडांच्या बुंध्याशीं, निवडुंगाच्या वईवर, जिकडे पाहावें तिकडे वेलींची दाटी होते. या दाटींत एक वेल अशी आहे कीं, तिचें फूल एकदां पाहिलेला मनुष्य तें पुन्हां विसरत नाहीं. सहा पाकळ्या, त्यांच्या कडा लाटांप्रमाणें मुरडलेल्या, आणि साऱ्या पाकळ्या वरच्या बाजूस उलटलेल्या. चुलींतला जाळ वाऱ्यानें उसळावा तसें तें फूल दिसतें. उमलतांना तें हिरवट असतें; मग पिवळें, मग केशरी, आणि गळण्यापूर्वीं तांबडें भडक होतें. एकाच वेलीवर हे सारे रंग एकाच सकाळीं पाहावयास मिळतात. पानाचें टोंक निमुळतें होत जाऊन दोऱ्यासारखें बनतें, व शेजारच्या झुडुपाला वेढा घालून ही वेल त्याच्या आधारानें वर चढते. हीच कळलावी. कोणी हिला खड्यानाग म्हणतात, कोणी वाघचबका म्हणतात. आणि संस्कृतांतील हिचें सर्वांत शोभणारें नांव अग्निशिखा.

या वेलीविषयीं चार शब्द लिहावे असें पुष्कळ दिवस मनांत होतें. परंतु धैर्य होत नव्हतें. कारण तिची हकीकत सांगावयाची, तर तींत माझी स्वतःची एक चूक सांगणें प्राप्त होतें. मीं छत्तीस वर्षें मास्तरकी केली. दुसऱ्याच्या चुकांखालीं तांबडी रेघ ओढण्याची संवय या धंद्यांत लागते. स्वतःच्या चुकेखालीं ओढण्याची लागत नाहीं. आतां पासष्टी उलटली आहे. जें सांगावयाचें तें सांगून टाकलेलें बरें.

माझें इंग्रजी शिक्षण मॅट्रिकपर्यंतचेंच. पण वडिलांनीं लहानपणीं ओसरीवर बसवून अमरकोश पाठ करून घेतला होता. दुसऱ्या कांडांतील वनौषधिवर्ग म्हणून घेतांना ते मधूनच थांबत आणि 'चल, दाखवतों' म्हणून मला परसांत नेत. अशाच एका पावसाळी सकाळीं त्यांनीं मला वईवरची अग्निशिखा दाखविली. वेलीच्या मुळाशीं काठीनें माती उकरून त्यांनीं कंदहि दाखविला. दोन बाजूंस दोन फांटे फुटलेला, नांगरासारखा वांकडा. 'म्हणून ही लांगली आणि म्हणूनच हलिनी,' ते म्हणाले. मग माती पुन्हां नीट लोटून त्यांनीं विहिरीवर जाऊन हात धुतले आणि मलाहि धुवावयास लावले. हात कां धुवावयाचे, हें त्यांनीं सांगितलें नाहीं; मींहि विचारलें नाहीं.

आजीला मात्र ही वेल नजरेसमोरहि नको असे. 'त्या फुलाला शिवूं नकोस. घरांत आणलेंस तर कळ लागते, भावाभावांत तंटे होतात,' असें ती बजावी. आम्ही मुलें तिला हंसत असूं, पण भीत भीत हंसत असूं, आणि फूल घरांत आणीत नसूं. पुढें शाळेंत शिकवूं लागल्यावर हें सारें मला अडाणीपणाचें वाटूं लागलें. फुलानें कुठें भांडण लागतें काय? शेजारच्या खारवीवाड्यांत तर भाद्रपदांत तेंच फूल गौरीला लागे. आमच्या घरीं गौर खड्यांची. मुली पाणवठ्यावरून सात खडे न बोलतां घेऊन येतात. त्यांच्याकडे गौर पानाफुलांची. तेरड्याच्या जुडीला मुखवटा बांधावयाचा, लुगडें नेसवावयाचें, आणि हात म्हणून कळलावीचीं फुलें खोंवावयाचीं. 'गौरीचे हात' असेंच त्या फुलांना आमच्याकडे नांव आहे. देवीच्या हातीं जें शोभतें, तें अमंगल कसें, असा माझा आजीशीं वाद असे. ती उत्तर देत नसे. गप्प राहून आंत निघून जाई. त्या गप्प राहण्याचा अर्थ मला फार उशिरां कळला. तो पुढें सांगतों.

मीं २०१७ सालीं नोकरींतून निवृत्त झालों. हातीं वेळ पुष्कळ, आणि वडिलांच्या पेटींत पोथ्या पुष्कळ. त्यांत भावप्रकाश होता. सोळाव्या शतकांतील भावमिश्रांचा हा ग्रंथ जुन्या घरांतून अजून आढळतो. त्यांतील निघंटु मी चाळूं लागलों आणि संध्याकाळीं ओटीवर येऊन बसणाऱ्यांना एकेका झाडाचे गुण सांगूं लागलों. ऐकणारे माना डोलवीत. मला बरें वाटे. शाळा सुटल्यापासून ऐकणारें कोणी उरलें नव्हतें, तें पुन्हां मिळालें. या गोष्टींत मानाची हांव किती होती आणि ज्ञानाची किती, याचा हिशेब मीं त्या वेळीं केला नाहीं.

ऐकणाऱ्यांत शेजारचे तांडेल असत. वय पंचावन्नाच्या घरांत, स्वतःची होडी, हाताखालीं चार माणसें. २०१९ च्या पावसाळ्यांत त्यांचा उजवा पाय धरला. रात्रींतून आंगठ्याचा सांधा सुजून लाल होई, पांघरुणाचा स्पर्शहि सोसत नसे. मग गुडघाहि सुजला. नारळी पौर्णिमा आठ दिवसांवर आलेली, होडी लोटावयाची, आणि तांडेल काठी टेंकीत माझ्या ओटीवर आले. बरोबर त्यांची कारभारीण होती. बोलतां बोलतां त्यांची दृष्टि वईकडे गेली. म्हणाले, 'गुरुजी, त्या कळलावीचं काय लिवलंय पोथीत?'

मीं पोथी काढली आणि पल्लेदार स्वरांत श्लोक म्हटला. मग एकेक पद सोडवून अर्थ सांगूं लागलों. ही रेचक आहे. कुष्ठ, सूज, मूळव्याध, व्रण आणि शूळ यांना जिंकणारी आहे. कडू, तिखट, तीक्ष्ण, उष्ण आहे. कृमींचा नाश करणारी आहे. 'सूज आणि शूळ' हे शब्द ऐकतांच तांडेलांनीं मान वर केली, तें मला आजहि दिसतें. श्लोकाचे शेवटचे दोन शब्द राहिले होते. ते असे कीं, ही पित्त भडकविणारी आहे आणि गर्भ पाडणारी आहे. समोर परस्त्री बसलेली; तिच्यादेखत तो शब्द उच्चारून त्याचा अर्थ सांगणें मला प्रशस्त वाटलें नाहीं. शाळेंतहि असले शब्द आले कीं आम्ही पुढच्या ओळीवर जात असूं. तसाच मी तेथें थांबलों. पोथी मिटली. 'मोठी गुणी वनस्पति आहे,' एवढें म्हणालों आणि चहा मागविला.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशीं तांडेलांनीं पहांटे वईखालचा एक कंद काढला, ठेंचला, पाण्यांत उकळला आणि तो काढा अनशापोटीं घेतला. कडू लागला म्हणून अर्धा टाकून दिला. त्या टाकलेल्या अर्ध्यानेंच त्यांचा जीव वांचला असें मीं पुढें ऐकलें. सकाळभर कांहीं झालें नाहीं. दुपारीं घशाची व पोटाची आग होऊं लागली. तिसऱ्या प्रहरीं उलट्या सुरू झाल्या, आणि दिवेलागणीपर्यंत जुलाब असे लागले कीं वाड्यांतील म्हाताऱ्यांना पटकीचे दिवस आठवले. मासळी बाधली असेल, असें सारे म्हणाले. मींहि तेंच म्हणालों. एका शेजाऱ्यानें रिक्षा काढली. पावसाची धार, पावसकडचा वळणावळणांचा रस्ता, आणि तांडेल माझ्या खांद्यावर डोकें टाकून. रत्नागिरीला पोंचेपर्यंत त्यांचे हातपाय गार पडले होते.

रुग्णालयांतील तरुण डॉक्टरांनीं पहिला प्रश्न विचारला, 'यांनीं काय खाल्लें आहे?' कोणी बोलेना. मग कारभारीण हळूच म्हणाली, 'गुरुजींनी सांगितलेली मुळी.'

वाचकहो, छत्तीस वर्षांत माझ्याविषयीं बरेंवाईट पुष्कळ बोललें गेलें असेल, पण त्या तीन शब्दांइतकें खरें आणि त्यांच्याइतकें जड दुसरें कांहीं मीं ऐकलेलें नाहीं. 'मीं मुळी घ्यावयास सांगितलें नव्हतें,' हें वाक्य माझ्या ओठांवर आलें होतें. तें मीं बोललों नाहीं, एवढीच त्या रात्रींतील माझी जमेची बाजू. मीं डॉक्टरांना वेलीचें नांव सांगितलें. त्यांनीं लगेच फोनवरून पाहून घेतलें, दुसऱ्या डॉक्टरांशीं बोलले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, 'याला उतारा नाहीं. पाणी व क्षार देत राहावयाचें आणि शरीर सावरतें का पाहावयाचें. पहिले दोन दिवस गेले म्हणजे संकट टळलें, असें समजूं नका.'

तसेंच झालें. उलट्या थांबल्या, तिसऱ्या दिवशीं आम्हांला हायसें वाटलें, आणि चौथ्या दिवशीं रक्तांतील पेशी झपाट्यानें उतरूं लागल्या, ताप चढला, हिरड्यांतून रक्त येऊं लागलें. आठ दिवस असे गेले. मग शरीर सावरूं लागलें. पंधराव्या दिवशीं तांडेलांनीं डोक्यावरून हात फिरविला, तो केसांचा पुंजका हातांत आला. दोन दिवसांत डोक्यावर, भिवयांवर, मिशांत एक केस राहिला नाहीं. गौरी आल्या त्या दिवशीं ते घरीं परतले, तेव्हां दारांतलीं पोरें त्यांना ओळखेनात.

एवढें झाल्यावर मीं या वनस्पतीची खरी माहिती मिळविण्यास आरंभ केला. ती आधीं मिळवावयास हवी होती. ती येथें थोडक्यांत देतों.

१७५३ सालीं लिनीयस यानें हिला 'ग्लोरिओसा सुपर्बा' असें नांव दिलें. हिच्या साऱ्या अंगांत, आणि विशेषेंकरून कंदांत व बियांत, कॉल्चिसीन नांवाचें विष असतें. हें द्रव्य मुळांत सांपडलें तें युरोपांतील कॉल्चिकम नांवाच्या दुसऱ्याच एका कंदांत. पॅरिस येथील पेल्तिए व कावाँतू यांनीं तें १८२० सालीं वेगळें काढलें. सिंकोनाच्या सालींतून क्विनीन काढणारे ते हेच दोघे, आणि सालहि तेंच. आपल्या कळलावींत तेंच द्रव्य आहे, हें १९१५ सालीं इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनीं दाखविलें. उकळल्यानें किंवा वाळविल्यानें तें नाहींसें होत नाहीं.

शरीरांतील पेशी एकीच्या दोन होत असतात, म्हणून झीज भरून येते. पेशी दुभंगतांना तिच्या आंत जे सूक्ष्म धागे तयार होतात, ते कॉल्चिसीन बनूं देत नाहीं. यामुळें ज्या ठिकाणीं हें काम सर्वांत जलद चालतें, त्या ठिकाणीं आघात आधीं होतो: आंतड्याचें अस्तर, हाडांतील मगज आणि केसांचीं मुळें. तांडेलांना आधीं जुलाब, मग रक्ताची उतरंड आणि शेवटीं केसगळती कां झाली, याचा उलगडा मला येथें झाला. अगदीं असाच केस गळण्याचा प्रकार सिलोनांत कळलावीचे कंद खाणाऱ्या एका तरुणीच्या बाबतींत घडला होता. तेथील डॉक्टरांनीं तो १९६६ सालीं इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केला आहे. शरीराच्या दर किलो वजनामागें ०.८ मिलिग्रॅमहून अधिक कॉल्चिसीन पोटांत गेलें, तर मनुष्य क्वचितच वांचतो. त्याहून कमी मात्रेनेंहि माणसें गेलीं आहेत. मोठ्या माणसाच्या मानानें हा हिशेब तांदळाच्या दोन दाण्यांइतका भरतो.

आतां या हकीकतींतील विलक्षण भाग ऐका. तांडेलांच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हां त्यांचा आजार वातरक्त, म्हणजे ज्याला डॉक्टर गाउट म्हणतात तो निघाला. आणि गाउटच्या ठणक्यावर डॉक्टर जीं औषधें देतात, त्यांपैकीं एक कॉल्चिसीनच आहे! गोळी असते अर्ध्या मिलिग्रॅमची. तीहि मूत्रपिंड व यकृत पाहून, मोजून देतात. म्हणजे सूज आणि शूळ जिंकणारी असें जें भावमिश्रांनीं लिहिलें, तें खोटें नव्हतें. खोटें कोठें होतें तर माझ्या वाचनांत. डॉक्टर मला हंसत म्हणाले, 'गुरुजी, औषध बरोबर सांगितलेंत.' ते थट्टेनें म्हणाले. पण मला त्या रात्रीं झोंप आली नाहीं.

आपल्या शास्त्रानें या बाबतींत कांहीं लपवून ठेवलेलें नाहीं. शार्ङ्गधरानें रुई, निवडुंग, धोत्रा, कण्हेर, गुंज आणि अफू यांच्या पंक्तीला लांगली बसविली आहे; हीं सात उपविषें होत. तिचा कंद औषधांत घालण्यापूर्वीं गोमूत्रांत भिजवून, वाळवून शोधून घ्यावा, असें रसग्रंथ सांगतात. हें काम वैद्याचें. ओटीवर बसून निघंटु वाचणाऱ्या मास्तराचें नव्हे, किंवा पहांटे उठून चुलीवर काढा करणाऱ्याचेंहि नव्हे.

दुसरी एक गोष्ट माझ्यासारख्या कोशपाठकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. कोशांत लांगलीला 'अनंता' असेंहि नांव आहे. परंतु अनंता म्हणजे दूर्वा, अनंता म्हणजे उपलसरीहि. उपलसरीचें सरबत आपण उन्हाळ्यांत लेंकरांना पाजतों. 'विशल्या' हें नांव हिचें, आणि गुळवेलीचेंहि. तीच गत बोलीभाषेची. पुष्कळ ठिकाणीं लोक हिलाच बचनाग म्हणतात, पण खरा बचनाग हिमालयांतला, निराळ्या कुळांतला. विष निराळें आणि उपचारहि निराळा. नांवावरून झाड ओळखणें म्हणजे अंधारांत हांकेवरून माणूस ओळखणें आहे.

आतां आजीच्या मौनाविषयीं. तांडेलांच्या प्रकरणानंतर मीं माझ्या आईला, ती त्या वेळीं नव्वदीच्या घरांत होती, कळलावीविषयीं विचारलें. ती बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, 'तुला काय वाटलें, कळ म्हणजे भांडण?' पूर्वीं सुइणी या कंदाचा लेप अडलेल्या बाळंतिणीच्या बेंबीखालीं, तळहातांना व तळपायांना लावीत, म्हणजे कळा लागून सुटका होते असा समज होता. कळा लावणारी, म्हणून कळलावी. कोशांतील 'गर्भनुत्' तें हेंच. आणि जें कळा लावतें, त्याचा उपयोग दुसऱ्याहि कामीं होत असे. आजीची एक बहीण बाराव्या वर्षीं विधवा होऊन माहेरीं राहिली होती. विसाव्या वर्षीं ती दोन दिवसांच्या 'पटकीनें' गेली, असें घरांत सांगत. त्या पावसाळ्यांत गांवांत पटकी नव्हती. आई एवढेंच बोलली. तिलाहि तें आजीनें मरणापूर्वीं एकदांच सांगितलें होतें.

अशा बायकांना आसरा असावा म्हणून १८६३ सालीं ज्योतिराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत बालहत्याप्रतिबंधक गृह काढलें, हें मीं वर्गांत कितीदां तरी शिकविलें होतें. मुलांकडून साल घोकून घेतलें होतें. आमच्याच घरच्या वईवर त्या धड्याचा पुरावा दरसाल फुलत होता, आणि मी आजीला अडाणी ठरवीत होतों. तिला खरें सांगतां येत नव्हतें, म्हणून ती भांडणाचें भय घालीत होती. वडिलांनीं हात धुविले, पण कारण सांगितलें नाहीं. मीं श्लोक म्हटला, पण शेवटचे दोन शब्द गिळले. तिघांचीहि भीड एकाच जातीची. आजीच्या भिडेनें निदान आम्हां मुलांचे जीव राखले. माझ्या भिडेनें एका माणसाचा जीव जाऊं पाहत होता.

हें वाचून कोणी विळा घेऊन वईकडे धांवूं नये. या वेलीचा अपराध कांहींच नाहीं. तमिळनाडूचें हें राज्यपुष्प आहे; तेथें करूर, दिंडिगलकडचे शेतकरी बियांसाठीं हिची लागवड करतात आणि बिया औषधी कारखान्यांस विकतात. जुने तमिळ कवि स्त्रीच्या नाजूक बोटांना हिच्या पाकळ्यांची उपमा देत. आमच्या खारवीवाड्यांतील बायकांना गौरीचे हात सुचले, ते त्यांना कोणी शिकविलें नव्हतें. आफ्रिकेंत झिंबाब्वेचेंहि हेंच राष्ट्रीय पुष्प. तो देश दक्षिण ऱ्होडेशिया म्हणून ओळखला जाई, तेव्हां १९४७ सालीं तेथील शाळकरी मुलांनीं वर्गणी काढून राजकन्या एलिझाबेथला तिच्या एकविसाव्या वाढदिवशीं या फुलाच्या आकाराचा हिऱ्यांचा अलंकार भेट दिला होता. आणि पेशी दुभंगूं न देण्याचा जो गुण तांडेलांच्या जिवावर उठला, त्याच गुणाचा उपयोग करून १९३७ पासून वनस्पतिशास्त्रज्ञ रोपांतील गुणसूत्रें दुप्पट करीत आले आहेत. बिनबियांचें कलिंगड त्यांतूनच निघालें.

तेव्हां वेल असूं द्यावी. ओळख मात्र पुरी असावी. आपल्या वाचकभगिनींसाठीं चार गोष्टी स्पष्ट लिहितों. कळलावीचा कंद कणगर किंवा करांदे यांबरोबर खणून घरांत आणूं नये. मातींत माखलेले कंद एकमेकांसारखे दिसतात. फूल पूजेला घेतलें तर हात धुवावे, आणि निर्माल्य पोरांच्या किंवा गुरांच्या तोंडीं लागेल असें टाकूं नये. बाळंतपणांत, विंचू चावल्यावर किंवा सांध्यांच्या दुखण्यावर हिचा घरगुती प्रयोग करूं नये. विंचूदंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनीं रूढ केलेला औषधोपचार आपल्या कोंकणांतच सिद्ध झालेला आहे. आणि चुकून हिचा कांहीं अंश पोटांत गेला, तर उलटी होण्याची वाट न पाहतां, तूप, ताक, लिंबू यांत वेळ न दवडतां, झाडाचा तुकडा बरोबर घेऊन थेट रुग्णालय गांठावें. काय खाल्लें तें लपवूं नये. लाज जीवापेक्षां मोठी नाहीं.

तांडेल बरे झाले. दिवाळीपर्यंत डोक्यावर काळे-पांढरे केस पुन्हां उगवले. ते पूर्वींपेक्षां मऊ आहेत, असें ते सांगतात. घरीं आल्यावर मी त्यांच्याकडे गेलों, तेव्हां काय बोलावें हें मला सुचेना. तेच म्हणाले, 'गुरुजी, तुम्ही पी असं नाय सांगितलंत.' थोडें थांबून पुढें म्हणाले, 'पण पिऊं नको असंही नाय सांगितलंत.' त्यांच्या स्वरांत राग नव्हता. हिशेब तेवढा चोख होता. तो मीं मान्य केला.

तेव्हांपासून दर श्रावणांत गांवच्या शाळेंतील मुलांना व मुलींना मी एके दिवशीं आमच्या वईपाशीं नेतों. फूल दाखवितों, काठीनें माती उकरून कंद दाखवितों, आणि श्लोक शेवटच्या शब्दापर्यंत म्हणतों. त्या शब्दाचा अर्थ सांगतांना पहिल्या वर्षीं माझी जीभ अडखळली; आतां अडखळत नाहीं. मुलें हंसत नाहींत, मन लावून ऐकतात. मग सारे विहिरीवर जाऊन हात धुतात, आणि कां धुवावयाचे तें त्यांना ठाऊक असतें.

गेल्या भाद्रपदांत तांडेलांची नात गौरीचे हात न्यावयास आली होती. दोन फुलें मीं देंठासह खुडून तिच्या परडींत ठेवलीं. ती म्हणाली, 'गुरुजीआजोबा, गौरीला नाय बाधत?' मीं म्हटलें, 'गौर खात नाहीं ना, बाळे. ती नुसती हातीं धरते.' तिनें मान हलविली आणि परडी अंगापासून लांब धरून, सांभाळून पावलें टाकीत, ती वाड्याकडे गेली.